पाचवी शेवंती

माझ्या घरात सुकलेलं फूल कधी कोणी पाहिलं नाही, याचा मला बरीच वर्षं अभिमान होता. सकाळी साडेपाचला उठायचं, बुद्धाच्या मूर्तीपुढची कालची फुलं उचलून अंगणातल्या तगरीच्या बुडाशी टाकायची, नवी ठेवायची, मग वंदना. पस्तीस वर्षं दवाखान्यात नर्स होते, त्यामुळे हातांना वळणच तसं लागलेलं. चादर मळायच्या आधी बदलायची, सलाइन संपायच्या आधी दुसरं तयार ठेवायचं. बाई, तुमच्याकडे कसं सगळं टवटवीत असतं, असं कोणी म्हणालं की मी छे छे म्हणत आणखी दोन मिनिटं ऐकून घेत असे.

फुलं वाहताना आपण जे म्हणतो त्याचा अर्थ आईने मला लहानपणीच सांगितला होता. हे फूल कोमेजणार आहे, तसं हे शरीरही जाणार आहे, एवढंच. मी ते रोज तोंडाने म्हणायचे आणि कोमेजायच्या आत फूल उचलून टाकायचे. यात काही चुकतंय हे मला साठी येईपर्यंत कळलं नाही. कळलं ते बाबांच्या एका चित्रामुळे, आणि त्यात नुकसान झालं ते बाबांचं.

बाबा मुकुटबनला शाळेत ड्रॉइंगचे मास्तर होते. घरी आले की त्यांचं स्वतःचं काम सुरू होई. त्यांची चित्रं म्हणजे काळी चित्रं. शेतातली माती चाळायची, डिंकाच्या पाण्यात कालवायची आणि मोठ्या कॅनव्हासवर थरावर थर द्यायचे. त्यात ना माणूस, ना झाड, ना बैल. वाळल्यावर भेगा पडत, आणि चित्र त्या भेगांत आहे असं ते म्हणत. गावातले लोक विचारत, "मास्तर, चित्र काढून राह्यले का वावर वखरून राह्यले?" बाबा हसत आणि काम चालू ठेवत. ते पन्नाशीला आले तेव्हा मुंबई-दिल्लीची माणसं एसटीतून उतरून, धूळ झटकत आमचं घर विचारायला लागली. चित्रं मोठमोठ्या गॅलऱ्यांत लागली. गावाला त्याचं कौतुक एवढंच, की आपल्या शिवारातली माती दिल्लीला गेली.

आईला मात्र त्या काळ्या रंगाचा राग होता. तिने अंगणात तेलाच्या रिकाम्या पिप्यांत शेवंती लावली होती, गावठी, पांढरी, मध्ये जराशी पिवळी झाक असलेली. "सारं वावर काढलं, पण एक फूल काढलं नाही या माणसानं," असं ती आल्यागेल्याला सांगे. बाबांचं उत्तर ठरलेलं होतं. "फूल आधीच सुंदर असते. त्याच्यात मी काय करू?" हा वाद चाळीस वर्षं चालला. तो मिटावा असं दोघांनाही वाटत नव्हतं, असा माझा अंदाज आहे.

मग आई आजारी पडली. पोटातलं दुखणं, कळलं तेव्हा उशीर झाला होता. मी तिला यवतमाळला माझ्याकडे आणलं. मी लग्न केलेलं नाही. त्याची कारणं मी विचारणाऱ्याचं तोंड बघून सांगते, पण त्या वेळी घर रिकामं होतं ते बरंच झालं. चार महिने ती माझ्याकडे होती. बाबा मुकुटबनलाच राहिले. एका प्रदर्शनाची चित्रं अर्धवट होती, निदान सांगायला तेवढं कारण होतं. खरं म्हणजे ते भ्यायले होते. दर रविवारी सकाळच्या बसने यायचे आणि संध्याकाळी परत जायचे.

रविवारी मी पहाटेच कामाला लागायचे. आईचं अंग पुसून काढायचे, धुतलेलं पातळ नेसवायचे, केस विंचरून त्यात एक शेवंती खोवायचे. पाठीमागे उशा लावून बसवायचे. औषधांचा वास जावा म्हणून खिडक्या उघडून ठेवायचे. दुखणं कमी होण्याची गोळी वेळ साधून द्यायचे, म्हणजे बाबा असेपर्यंत ती बोलू शकेल. आई मला पुरती सामील होती. "बरी दिसून राह्यली का मी?" असं दोनदा विचारायची. बाबा येत, समोरच्या खुर्चीत बसत, दोघं जुना वाद काढत. निघताना बाबा दारात थांबून मला म्हणत, "सुधारली हाय." मी हो म्हणायचे. सोमवारी दिवसभर आई डोळे उघडत नसे.

ती एका गुरुवारी गेली. बाबांना फोन केला तेव्हा ते म्हणाले, "रविवारी तं चांगली होती." त्या दिवशी आणि त्यानंतर कित्येक महिने या विषयावर ते आणखी काही बोलले नाहीत. मला वाटलं, आपण त्यांना फार मोठ्या त्रासातून वाचवलं.

वर्षभर ते गावी एकटेच राहिले. डोळ्यांना काचबिंदू होता. बाजूचं दिसणं हळूहळू जात होतं आणि समोरचं एका नळीतून पाहिल्यासारखं उरलं होतं. एकदा अंगणातल्या पिप्याला अडखळून पडले, तेव्हा मी जाऊन त्यांना घेऊनच आले. येताना सामानात कपडे थोडे, रंगांची एक पेटी, चार ब्रश आणि शेवंतीचे तीन पिपे. जीपवाल्याने कुरकुर केली. बाबा म्हणाले, "मले नेलं नाही तरी चालते, हे घे."

यवतमाळच्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. गेलं ते परत येणार नाही. उरलंय ते थेंब वेळेवर घातले तर काही दिवस टिकेल. किती दिवस, ते सांगता येणार नाही. दिवसातून तीनदा मी थेंब टाकायचे. बाबा मान वर करून शाळेतल्या पोरासारखे बसायचे.

कार्तिकात पिप्यांतली शेवंती फुलली. एका सकाळी बाबांनी बोटांनी चाचपून स्वतः पाच फुलं कापली, आईचा पितळी गडवा मागून घेतला, त्यात पाणी घालून फुलं ठेवली आणि गडवा खिडकीपाशी स्टुलावर मांडला. समोर खुर्ची ओढली. मी विचारलं, "काय काढता, बाबा?"

"हेच."

"फूल?"

"तुही माय म्हणत होती ना." मग म्हणाले, "डोळे हायेत तोवर हे एक पुरं कराचं हाय. याले हात लावू नको, बाई."

चाळीस वर्षांचा वाद आई जिंकली, आणि ते पाहायला ती नव्हती. मी मनाशी ठरवलं की या चित्राच्या वाटेत काही आड येऊ द्यायचं नाही. हात लावू नको, याचा अर्थ मी माझ्या स्वभावाप्रमाणे लावला. मांडलेलं हलता कामा नये. म्हणून त्याच दिवशी मी गडव्याच्या बुडाभोवती खडूने स्टुलावर एक गोल आखून ठेवला. दवाखान्यात अशाच खुणा करून आम्ही वस्तू जागच्या जागी ठेवायचो.

चौथ्या सकाळी एका फुलाची दोन पानं खाली आली. बाबा उठायच्या आत मी पिप्यातलं तसलंच फूल शोधलं, देठ तेवढ्याच लांबीचा कापला, मान तेवढीच डावीकडे वळवली. जुनं काढलं, नवं ठेवलं, पाणी बदललं आणि गडवा पुन्हा खडूच्या गोलात बसवला. सातव्या दिवशी आणखी दोन. पिप्यांतली चांगली फुलं संपली तशी मी बसस्टँडकडच्या हारवालीकडे जाऊ लागले. एकेक फूल उचलून उजेडात धरून पाहायचे. ती वैतागून म्हणाली, "कायले एवढं निवडता, बाई? पोरगी पसंत करता का?" मी म्हटलं, "चित्रात बसवायचं आहे." हातचं काम सोडून हे सगळं मी करत होते, आणि कोणाला पत्ता लागत नव्हता, याचाच मला आनंद होता. बाबांनाही कळू नये इतकं बेमालूम.

बाबा दहा ते बारा काम करत. त्या वेळी खिडकीतला उजेड सारखा असे. पहिले तीन-चार दिवस हात झपाझप चालला. मग वेग गेला. खुर्ची पुढे घेत, चेहरा फुलांच्या अगदी जवळ नेत, एका फुलाकडे बघत, मान हलवून दुसऱ्याकडे. सगळी पाच फुलं एकदम त्यांच्या नळीत मावत नव्हती. ब्रश उचलत आणि पुन्हा ठेवत. कधी चिंधीने काढलेलं पुसत. मी स्वयंपाकघरातून बघायचे आणि मला वाटायचं, म्हातारपण आहे, हात थकला असेल.

दहाव्या दिवशी त्यांनी मला हाक मारली. "पानं खाली आली का वं, बाई?"

"नाही बाबा. ताजी हायेत."

"सारी?"

"सारी."

माझ्या आवाजात काय होतं ते मला आजही आठवतं. कौतुक करून घ्यायला टपलेल्या बाईचा आवाज होता तो. बाबांनी हात पुढे केला, बोटं फुलापाशी नेली आणि मागे घेतली. काढत असलेल्या वस्तूला शिवायचं नाही हा त्यांचा जुना नियम. वर्गात पोरांनाही तेच सांगत, हातानं पाहू नका, डोळ्यानं पाहा. त्या दिवशी त्यांनी नियम मोडला असता तरी काय, त्यांच्या बोटांना ताजं फूलच लागलं असतं.

तेराव्या दिवशी त्यांनी ब्रश साबणाने धुतले, पुसले, जुन्या धोतराच्या फडक्यात गुंडाळून पेटीत ठेवले. मी विचारलं तर म्हणाले, "झालं." कॅनव्हासवर पाच फुलांच्या नुसत्या पातळ रेघा होत्या.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांकडे जायची तारीख होती. तपासणी झाल्यावर बाबा शांतपणे म्हणाले, "साहेब, आता हे थेंब बंद करा." डॉक्टरांनी कारण विचारलं. बाबा म्हणाले, "घरी शेवंती ठेवली हाय. आज चौदावा दिवस. मले ते अजून ताजी दिसून राह्यली. पोरगी बिचारी माह्या मनासाठी होला हो करते. सुकलेलं फूल ज्याले दिसत नाही, त्याचे डोळे ठेवून काय कराचं?"

डॉक्टर भले माणूस. त्यांनी समजावून सांगितलं, की या आजारात रंगातला बारीक फरक ओळखणं कमी होतं, आणि जे दिसत नाही ते कधी कधी मन आपलंच भरून काढतं. बाबा म्हणाले, "म्हंजे मी जे पाहून राह्यलो ते खरं नाही." डॉक्टर म्हणाले, सगळंच तसं नसतं, आणि त्यांनी माझ्याकडे पाहिलं, कारण मी नर्स, मी पुढचं समजावीन.

मी फाइल छातीशी धरून उभी होते. त्या क्षणी मला सगळं कळलं होतं. दोन वाक्यांचं काम होतं. मी ती बोलले नाही. डॉक्टरांपुढे काय सांगायचं, असं मी तेव्हा स्वतःला सांगितलं. ऑटोत बसल्यावर म्हटलं, घरी गेल्यावर सांगू. घरी आल्यावर बाबा जाऊन आडवे झाले.

असे चार दिवस गेले. बाबांनी खुर्ची भिंतीकडे वळवली. मी थेंबाची बाटली घेऊन गेले की ते डोळे गच्च मिटून घेत. पेशंटच्या पापण्या उघडून औषध घालायला मला एरवी वेळ लागत नाही, पण तिथे हात उचलेना. मी एक पळवाट काढली. फुलं बदलणं थांबवलं. म्हटलं, आता ती आपोआप सुकतील, बाबांना दिसतील, त्यांना वाटेल डोळे आहेत, आणि मला काही कबूल करावं लागणार नाही. नीचपणाच होता. आणि तो फुकट गेला, कारण ज्या फुलांसाठी मी आठवडाभर बाजार पालथा घातला होता ती आता सुकत होती आणि बाबा त्यांच्याकडे पाठ करून बसले होते.

या चार दिवसांत मी मूर्तीपुढची फुलं मात्र रोज बदलली. वंदनाही म्हटली. त्याची लाज आता वाटते.

चौथ्या दिवशी दुपारी चहा देताना ते म्हणाले, "तो गडवा उचलून ठेव. सुकली असतीन केव्हाचीच."

मी गडवा उचलला आणि नेऊन त्यांच्या मांडीवर ठेवला. "हात लावा," मी म्हटलं.

"वस्तूले हात—"

"लावा म्हणते ना, बाबा."

त्यांची बोटं पानांवर फिरली. पानं काळी पडून देठाला चिकटली होती. एका फुलाची मान पार खाली लोंबत होती. बोटं तिथं थांबली.

"सुकली," ते म्हणाले.

"चार दिवसात सुकली. त्याच्या आधी मी बदलवत होती."

"रोज?"

"जे फूल मान टाके ते."

"कायले?"

"सुकलेलं दिसू नये म्हणून."

"कोणाले?"

बाबा गडव्याच्या काठावरून अंगठा फिरवत राहिले. मग अगदी हळू, चौकशी केल्यासारखं म्हणाले, "तुह्या मायलेबी तू अशीच ठेवत होती ना, रविवारी?"

मी हो म्हटलं आणि तिथेच खाली फरशीवर बसले. आई गेली तेव्हा मी रडले नव्हते, करायला खूप कामं होती. त्या दुपारी मात्र आवरलं नाही. बाबा वर बसून होते, मांडीवर गडवा.

"मले वाटे ते सुधारून राह्यली," ते म्हणाले. "खोटं तं मीबी खेळत होतो. विचारलं असतं तं तू सांगितलं असतं. मी विचारलं नाही. ते गेली, पण तिले जाताना मी पाह्यलंच नाही. म्हून हे फुलं मांडले. एवढं तरी शेवटपर्यंत पाहून घेतो म्हटलं."

बाहेर भाजीवाल्याची गाडी थांबून पुढे गेली. मग बाबांची मान एकदम वर आली.

"म्हंजे मले दिसत होतं."

"हो बाबा. ताजी होती, म्हणून ताजी दिसली."

"मंग बरोबरच दिसत होतं मले."

"हो."

त्यांनी मान मागे टेकवली आणि डोळे उघडे ठेवले. "थेंब टाक," ते म्हणाले.

त्यांनी मला माफ केलं असं मी म्हणणार नाही, तसं काही ते बोलले नाहीत. रागावलेही नाहीत. मी रागावून घ्यायला तयार होते, ते सोपं गेलं असतं. डॉक्टरांना मी फोन करून सगळं सांगितलं, तेव्हा ते म्हणाले की चार दिवसांनी फार फरक पडत नाही. मी नर्स आहे. दिलासा कसा द्यायचा असतो ते मला माहीत आहे.

गडवा परत स्टुलावर ठेवताना तो खडूच्या गोलाच्या जरा बाहेर पडला. मी सरकवायला गेले तर बाबा म्हणाले, "राहू दे. आता जिथं हाय तिथं." तेव्हापासून मी त्या खिडकीकडे झाडूही नेला नाही. सांगायला सोपं वाटतं, पण रोज सकाळी तिथून जाताना माझे हात शिवशिवत. पाण्याला वास यायला लागला, तरी मी मन घट्ट करून गप्प राहिले.

बाबा एका वेळी एकच फूल घेत. नळीत तेवढंच मावत होतं. एकेका फुलाला चार-पाच दिवस लागत. पांढऱ्यातून चहासारखा तपकिरी रंग कसा चढतो, पाकळ्या आधी कडेने आणि मग आतून कशा मिटतात, हे मी इतकी वर्षं फुलं हाताळूनही पाहिलं नव्हतं. ते पाहत आणि जसं दिसे तसं काढत. पानांच्या काळ्या रंगासाठी त्यांनी आईच्या पिप्यातली चिमूटभर माती मागून घेतली आणि डिंकात कालवली. जुनी सवय.

पौष लागता लागता चार फुलं झाली. पाचव्याची रेघ काढून ठेवली होती. एका सकाळी त्यांनी ब्रश रंगात बुडवला, कॅनव्हासकडे नेला आणि तो कॅनव्हासच्या कडेवरून पलीकडे हवेत गेला. पुन्हा नेला, पुन्हा तेच. मी दारात उभी होते. त्यांनी ब्रश खाली ठेवला आणि म्हणाले, "राह्यलं." त्यानंतर उजेड आणि अंधार एवढं त्यांना कळे, चित्रापुरतं दिसणं त्या दिवशी संपलं. मी मनातल्या मनात हिशेब घातला. एका फुलाला चार दिवस.

उन्हाळ्यात मुंबईहून एक गृहस्थ चित्र पाहायला आले. बाबांची काळी चित्रं त्यांना पाठ होती. हे चित्र पाहून ते बराच वेळ बोललेच नाहीत, ते मला आवडलं. मग बोलायला लागले. गडव्याशेजारी जो रिकामा पांढरा गोल आहे, तो म्हणजे शून्य, बौद्ध विचारातली शून्यता, असं त्यांनी मला समजावून सांगितलं. बाबांनी खडूची खूणही जशीच्या तशी काढली होती. मी मान डोलावली. चहा आणला. पाचवं फूल नुसत्या रेघेवर सोडलं आहे तो तर त्यांच्या मते उतारवयातल्या कलावंताचा संयम होता. बाबा खुर्चीत बसून ऐकत होते आणि त्यांच्या मिशीखाली काहीतरी हलत होतं. चित्र प्रदर्शनासाठी न्यायचं ते म्हणत होते. बाबांनी नाही म्हटलं. "हे घरातलं हाय," एवढंच सांगितलं.

ते गेल्यावर मी म्हटलं, "बाबा, पाचवं फूल माह्यामुळं राह्यलं. ते चार दिवस मी बोलली असती तं झालं असतं."

बाबांनी नाकारलं नाही. म्हणाले, "ते तू बदलवलं असं समज." आणि हसले. आई गेल्यापासून मी त्यांना हसताना पाहिलं नव्हतं. मला हसू आलं नाही.

त्यानंतर बाबा दीड वर्ष होते. सकाळी भिंतीचा आधार घेत मूर्तीपाशी येत आणि फुलांना हात लावत. डोळे गेल्यावर त्यांनी तो नियम सोडला होता. रोज एकच प्रश्न विचारत, "आजचे का कालचे?" आणि मी खरं सांगे. आजची, कालची, परवाची. त्या दीड वर्षात मी त्यांना दुसरंही काही खोटं सांगितलं नाही. शेवटच्या महिन्यात पाय सुजले, तेव्हा त्यांनी विचारलं आणि मी सांगितलं, की बाबा, ही सूज आता उतरणार नाही. त्यांनी माझा हात धरून ठेवला. त्या सगळ्या दिवसांत मी त्यांचे केस विंचरले, चादरी बदलल्या, पण ते कसे आहेत हे कोणापासून लपवलं नाही. त्यांच्यापासून तर नाहीच.

ते गेले त्या सकाळी शेजारच्या बायका आल्या. लोक यायच्या आत त्यांनी घर आवरायला घेतलं. त्यांच्यातली एक मूर्तीपुढची फुलं उचलायला वाकली. शेवंतीच होती, मान टाकलेली, पानं काळी पडलेली. ती म्हणाली, "बाई, हे बदलवून टाकतो, लोकं येतीन."

मी तिचा हात धरला आणि म्हटलं, राहू दे. तीन दिवसांची फुलं होती ती. बाबांनी आदल्या सकाळी त्यांना हात लावून विचारलं होतं, तेव्हा मीच त्यांना परवाची म्हणून सांगितलं होतं.